'पॉप्युलर' पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहताना : कंपूंची थट्टा की कंपूंचे कौतुक?

निशिगंध (प्रश्न)

१९९८ साली वडिलांना 'वायटूके'च्या (२००० साल लागताना संगणक गडबडू नयेत म्हणून चाललेल्या दुरुस्तीच्या) कामासाठी अमेरिकेत बोलावणे आले आणि आम्ही डोंबिवलीहून न्यू जर्सीतील एडिसनला राहायला आलो. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पुढच्या वर्षी मी तिथल्या हायस्कूलमध्ये नववीत गेले आणि त्याच महिन्यात, २९ सप्टेंबर १९९९ रोजी, डब्ल्यूबी वाहिनीवर 'पॉप्युलर' ही मालिका सुरू झाली. ती दोन पर्वे आणि ४३ भाग चालली आणि १८ मे २००१ रोजी तिचा शेवटचा भाग दाखवून ती गुंडाळण्यात आली. मी त्यातील बहुतेक भाग आवाज अगदी कमी करून पाहिले, कारण पलीकडच्या खोलीत आई असे आणि तिच्या मते ही मालिका म्हणजे निव्वळ थिल्लरपणा होता.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिस परिसरातील 'जॅकलीन केनेडी हायस्कूल'मध्ये ब्रूक मॅक्वीन ही चीअरलीडर मुलींची, म्हणजे 'ग्लॅमझॉन' कंपूची, राणी असते, तर सॅम मॅकफर्सन ही शाळेच्या वृत्तपत्राची संपादक आणि 'नापसंत' मुलांच्या कंपूची म्होरकी असते. दोघींचे हाडवैर असते. ब्रूकची आई घर सोडून गेलेली असते आणि सॅमचे वडील वारलेले असतात. ब्रूकचे वडील आणि सॅमची आई एका सागरी सहलीत भेटतात, लग्नाचे ठरवतात आणि या दोन मुलींना एका छपराखाली, इतकेच नव्हे तर एका न्हाणीघरासमोर, आणून उभे करतात. लेस्ली बिब ही ब्रूक आणि कार्ली पोप ही सॅम. बाकी प्रेमप्रकरणे, आजारपणे, शाळेतील निवडणुका आणि सूड हे सर्व यथासांग आहेच.

माझी मुलगी आता नववीत गेली आहे. मागच्या महिन्यात तळघरातील एका खोक्यात या मालिकेच्या जुन्या डीव्हीडी सापडल्या आणि मी एकटीने पहिल्या पर्वाचे दहाबारा भाग पुन्हा पाहिले. पाहताना एक विचित्र गोष्ट जाणवली. चौदाव्या वर्षी मी संपूर्णपणे सॅमच्या बाजूची होते, कारण जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन कुठल्या टेबलाशी बसावे हे न कळून मी पहिले काही आठवडे ग्रंथालयात जाऊन डबा खाल्ला होता. आज मात्र सॅम मला अतिशय स्वतःवर खूश असलेली, दुसऱ्याच्या दोषांची सतत नोंद ठेवणारी मुलगी वाटते. ब्रूकविषयी कणव वाटते. आणि तेव्हा जिच्यावर मी केवळ हसून विसरून गेले होते, ती टेक्सासची धनाढ्य मुलगी मेरी चेरी पडद्यावर आली की आजही सगळे दृश्य जिवंत होते. उलट भागाच्या शेवटी सर्वजण गंभीर होऊन एकमेकांना समजून घेऊ लागतात, ती दृश्ये मला पळवावीशी वाटतात.

म्हणून प्रश्न असा की, ही मालिका शाळेतील कंपूबाजीची थट्टा करत होती, की थट्टेच्या आडून तिचे कौतुकच करत होती? आणि तिच्यातील भडकपणा हा जाणीवपूर्वक होता, की त्या काळच्या दूरचित्रवाणीला त्याहून बरे काही जमत नव्हते? लेकीला दाखवावी की नाही, हे त्यावरून ठरवायचे आहे.

बतावणी

भडकपणा शंभर टक्के जाणीवपूर्वक होता, हे मी आधीच सांगून टाकतो. ही रायन मर्फीची पहिली मालिका. त्याने ती जीना मॅथ्यूज यांच्याबरोबर निर्माण केली. त्यापूर्वी तो वृत्तपत्रांत आणि साप्ताहिकांत मनोरंजनविषयक लेखन करणारा पत्रकार होता आणि जुन्या हॉलिवूडच्या नट्यांचा निस्सीम भक्त होता. शाळेला जॅकलीन केनेडींचे नाव द्यायचे, आणि शाळेच्या वृत्तपत्राला ज्या माणसाच्या कॅमेऱ्यात त्यांच्या पतीची, अध्यक्ष जॉन केनेडींची, हत्या टिपली गेली त्या झॅप्रुडरचे नाव द्यायचे, असा काळाकुट्ट विनोद कोणाच्या हातून चुकून घडत नाही. मुलींचे स्वच्छतागृह, ज्याला त्या 'नोव्हॅक' म्हणतात, हे एखाद्या राजवाड्यातील शृंगारमहालासारखे आहे. कोणत्याही सार्वजनिक शाळेत असे स्वच्छतागृह नसते हे मालिकेला ठाऊक आहे, आणि आपल्यालाही ते ठाऊक आहे हेही तिला ठाऊक आहे.

इंग्रजीत याला 'कॅम्प' म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द सापडत नाही अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. शब्द नसला तरी वस्तू मात्र आपल्या घरातलीच आहे. तमाशातील गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर जी मावशी असते, ती आठवा. ती पुरुष साकारतो. पण बालगंधर्व स्त्रीभूमिका करत तसे हे नाही. बालगंधर्वांचे सारे कौशल्य प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पडावा यासाठी होते, इतके की घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करत. मावशीचे कौशल्य नेमके उलटे आहे : प्रेक्षकाला क्षणभरही विसर पडता कामा नये. पदर सावरण्याची ती अति लगबग, तो लटका लाजाळूपणा, पेंद्याशी घातलेली ती हुज्जत, हे सर्व सोंग आहे असे सांगतच ती सोंग वठवते, आणि त्या आडून गावातील पाटलापासून देवापर्यंत कोणालाही टोला हाणू शकते.

मेरी चेरी ही त्या मावशीची टेक्सासची भाची आहे. लेस्ली ग्रॉसमन तिला अशा रीतीने उभी करते की तिचा प्रत्येक हुंदका, प्रत्येक किंकाळी आणि प्रत्येक कपडा चार बोटे जास्तच असतो. तिच्या आईचे नाव चेरी चेरी, आणि ती भूमिका डेल्टा बर्कने केली आहे. तिथे तर जास्तीची सीमाही उरत नाही. श्रीमंत, निर्दय, लोकप्रिय मुलगी कशी असते याचे वास्तव चित्र काढले असते तर आपण तिचा द्वेष केला असता किंवा हेवा केला असता. तिचे सोंग काढल्यामुळे 'लोकप्रियता' हीच मुळात एक वेशभूषा आहे, रोज सकाळी चढवायची आणि रात्री उतरवायची, हे उघडे पडते. निशिगंध, तुम्हाला मेरी चेरीची दृश्ये ताजी वाटतात याचे कारण माझ्या मते हेच आहे. गंभीर दृश्ये १९९९ च्या वाहिनीच्या साच्यातून आलेली आहेत, आणि साचा शिळा होतो.

मर्फीने पुढे अनेकदा सांगितले आहे की वाहिनीच्या अधिकाऱ्यांना या मालिकेचा सूर फार 'गे' वाटत असे आणि तो सौम्य करावा म्हणून ते त्याच्या मागे लागत. म्हणजे भडकपणा टिकवण्यासाठी त्याला भांडावे लागले. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, शाळेतील गाणाऱ्या मुलांवरची त्याची 'ग्ली' ही मालिका आली आणि ती १२१ भाग चालली. तिच्याकडे पाहून 'पॉप्युलर' आठवा : फुटबॉल संघाचा नायक असूनही शाळेच्या संगीतिकेत गाण्याची इच्छा बाळगणारा जॉश फोर्ड, आणि 'ग्ली'मधील तसाच फिन, पालकांच्या लग्नामुळे एका घरात येऊन पडलेली दोन विरुद्ध टोकांची मुले, आणि सर्वांवर विषारी वाग्बाण सोडणारी एक बलदंड बाई. कच्चा खर्डा हाच होता. माझे वैयक्तिक मत विचाराल तर खर्डा पक्क्या प्रतीपेक्षा धीट होता, कारण 'ग्ली'ला प्रत्येक भागात गाण्यांमागे लपता येत असे.

खडूफळा

मी शिकागोच्या एका उपनगरात गेली अठरा वर्षे हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. 'बतावणी' यांचे विवेचन आवडले, पण त्यांनी सोंगाबद्दल लिहिले आणि ज्याचे सोंग घेतले आहे ते बाजूला राहिले. त्याविषयी थोडे लिहितो, कारण महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला या मालिकांतील कॅफेटेरियाचे एवढे प्रस्थ का, हे मुळात कळत नाही. मलाही इथे नोकरीला लागेपर्यंत कळले नव्हते.

आपल्याकडे मूल 'आठवी ब'मध्ये असते. वर्ग तोच, बाक तोच, शेजारी तोच. शिक्षक बदलतात, मुले जागची हलत नाहीत. डबाही त्याच बाकावर उघडतो. तुम्हाला आवडो न आवडो, पन्नास-साठ जणांची एक तुकडी तुम्हाला आयती मिळालेली असते, आणि त्या तुकडीच्या आत जी काय गटबाजी व्हायची ती होते. अमेरिकी हायस्कूलमध्ये तुकडीच नसते. दर तासाला घंटा होते, हजार-दोन हजार मुले एकाच वेळी मार्गिकांत उतरतात, चार-पाच मिनिटांत दुसऱ्या खोलीत पोहोचतात, आणि तिथे शेजारी कोणी निराळाच असतो. दिवसभरात आपण कोणाचे आहोत हे जगाला दाखवण्याची संधी फक्त दोन ठिकाणी मिळते : लॉकरपाशी, आणि जेवणाच्या अर्ध्या तासात कॅफेटेरियाच्या टेबलाशी. त्यामुळे टेबल हीच जात होते. निशिगंध यांनी ग्रंथालयात डबा खाल्ला असे लिहिले आहे. माझ्या वर्गातही दरवर्षी दोन-तीन मुले 'सर, इथे बसून जेवू का' असे विचारतात, आणि मी कारण विचारत नाही.

हे जुने दुखणे आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आमच्याच इलिनॉयमधील दहा हायस्कूलांचा अभ्यास केला होता. 'शाळेत तुमची आठवण कशी राहावी असे तुम्हाला वाटते?' या प्रश्नावर मुलांनी हुशार विद्यार्थ्यापेक्षा खेळाडूला पसंती दिली, आणि मुलींनीही हुशारीपेक्षा शाळेच्या उपक्रमांतील पुढारीपण आणि लोकप्रियता यांनाच वर ठेवले. त्यांचा निष्कर्ष असा होता की मोठ्यांनी मुलांना एकत्र कोंडून त्यांचा एक स्वतंत्र समाज निर्माण केला आहे आणि त्या समाजाची मूल्ये शिक्षकांची नाहीत. 'पॉप्युलर'मध्ये विज्ञानाच्या बॉबी ग्लास बाई सोडल्या तर शिकणे-शिकवणे जवळजवळ दिसत नाही, याला मी अतिशयोक्ती म्हणणार नाही. मुलांच्या डोळ्यांनी पाहिले तर शाळा अशीच दिसते. मला त्याचे वाईट वाटते, तो भाग वेगळा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे तारीख. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाची हत्या केली. त्यानंतर काही महिने या देशात 'खेळाडू विरुद्ध वाळीत टाकलेले' याशिवाय दुसरा विषय नव्हता. ते चित्र फारच सोपे करून मांडलेले होते हे पुढील तपासातून दिसले, पण त्या वेळी ते सर्वांनी खरे मानले होते. याच डब्ल्यूबी वाहिनीने 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या आपल्या मालिकेचे दोन भाग पुढे ढकलले. त्यांपैकी शाळेत गोळीबार होईल अशी भीती दाखवणारा भाग अखेर २१ सप्टेंबर १९९९ रोजी दाखवण्यात आला, आणि त्यानंतर आठच दिवसांनी 'पॉप्युलर' सुरू झाली. म्हणजे शाळेतील कंपू या विषयावर सगळा देश दातओठ खाऊन बोलत असताना या मंडळींनी त्याच विषयाचा फार्स मांडला. तुम्हाला पळवाव्याशा वाटणाऱ्या त्या समेटाच्या दृश्यांचे मूळ मला इथे दिसते. त्या वर्षी कोणतीही वाहिनी 'कंपू असतात, आणि ते गमतीचे असतात' एवढेच म्हणून थांबू शकत नव्हती. शेवटी हात हातात देणे भाग होते.

आंबटचुका

मी जरा विरोधात लिहिणार आहे.

मावशीचा दाखला सुंदर आहे, पण अर्धाच आहे. मावशीवर आपण हसतो ते तिच्या टोल्यांवर हसतो, की लुगड्यातून दिसणाऱ्या पुरुषी दंडांवर? दोन्हींवर. आणि 'पॉप्युलर'मध्ये ही दोन्ही हसू वेगवेगळ्या पात्रांना वाटून दिलेली आहेत. मेरी चेरीच्या वाट्याला पहिले आले, कारण ती सडपातळ, गोरी आणि श्रीमंत आहे. तिचे सोंग तिने स्वतः निवडले आहे आणि ती ते केव्हाही उतरवू शकते. बॉबी ग्लास बाईंच्या वाट्याला दुसरे आले. डायन डेलानोने ती भूमिका झोकून देऊन केली आहे, यात शंका नाही. पण त्या बाई धिप्पाड आहेत आणि त्यांचा आवाज जाड आहे, यापलीकडे त्यांच्या निम्म्या विनोदांत काही नाही. गंमत म्हणजे याच मालिकेने पहिल्याच पर्वात, सुतारकामाचे शिक्षक स्त्री होऊन शाळेत परततात आणि पालक खवळतात, अशी कथा त्या काळच्या मानाने बरीच सहानुभूतीने मांडली होती. एका दारातून ज्याला सन्मानाने आत घ्यायचे, त्याचीच दुसऱ्या दारात टिंगल करायची, हा तिचा स्वभावच आहे.

कार्मेनचे पाहा. पहिल्याच भागात ती चीअरलीडरच्या निवडीसाठी नाचते, चांगली नाचते, आणि वजनामुळे नाकारली जाते. सेरा रू ही अभिनेत्री उत्तम आहे. मालिका तिच्या बाजूने आहे असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. तरीही कार्मेनची कथा दर वेळी तिच्या शरीरापाशीच येऊन थांबते. तिला दुसरे दुःख असण्याची परवानगी फार थोड्या वेळा मिळते. ब्रूकच्या अन्नाविषयीच्या आजाराची कथा त्या मानाने बारकाईने लिहिलेली आहे, कारण ब्रूक सुंदर आहे आणि सुंदर मुलीचे दुःख कॅमेऱ्याला दिसते. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पाच वर्षे 'टुणटुण' या नावाने ओळखली गेले. ते नाव ठेवणाऱ्यांना मी फार खेळकर वाटत असे, कारण मी त्यांच्याबरोबर हसत असे. तेव्हा 'सोंगामुळे सत्य उघडे पडते' हे वाक्य मी जरा जपूनच घेते.

आणि रॉन लेस्टर. 'शुगर डॅडी' या पात्राचा तो नट. त्याचे वजन सव्वादोनशे किलोंच्या घरात होते आणि पडद्यावर त्याला त्याच वजनासाठी घेतले जात असे. डिसेंबर २००० मध्ये त्याने जठराची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे दीडशे किलोंहून अधिक वजन उतरवले. त्यानंतर चित्रपटसृष्टीला त्याचे काय करावे हे कळेना आणि भूमिका आटल्या. जून २०१६ मध्ये, पंचेचाळीसाव्या वर्षी, तो वारला. मालिकेने त्याला मारले असे मी म्हणत नाही. पण जाड मुलाला कंपूत घ्यायचे ते त्याच्या जाडीचा विनोद करता यावा म्हणून, हे कंपूबाजीवर टीका करणाऱ्या मालिकेच्या स्वतःच्या पात्रयोजनेतही घडत होते, एवढे मला दिसते.

'पॉप्युलर' सुरू होण्याच्या चारच दिवस आधी, २५ सप्टेंबर १९९९ रोजी, एनबीसीवर 'फ्रीक्स अँड गीक्स' सुरू झाली होती. विषय जवळजवळ तोच, काळ मात्र १९८० चा आणि गाव मिशिगनमधले. तिथे कोणी किंचाळत नाही, कोणाचे स्वच्छतागृह राजवाड्यासारखे नाही, आणि वाळीत पडलेल्या मुलांचे हसे होत असताना त्यांच्या बाजूला उभे राहून आपल्यालाही लाज वाटते. ती अवघे १८ भाग टिकली. निशिगंध, लेकीला एकच काही दाखवायचे असेल तर मी ती दाखवीन.

घाटमाथा

विषयाला धरूनच एक छोटी भर घालतो. अमेरिकेतील कॅफेटेरियाची गरज न पडताही हाच प्रकार आपल्याकडे २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर 'रीमिक्स'च्या रूपाने हिंदीत आला होता. मुंबईतील एक अतिश्रीमंत शाळा, वडिलांच्या पैशांवर आलेली मुले आणि शिष्यवृत्तीवर आलेली मुले असे दोन तट, शिवाय मुलांचा एक गाणारा चमू. तिचे मूळ २००२ च्या अर्जेंटिनातील 'रेबेल्दे वे' या मालिकेत होते. आम्ही ठाण्यात क्लासहून घाईघाईने घरी येऊन ती पाहत असू, आणि आमच्या वर्गातील मुली गणवेशाचा टाय 'रीमिक्स'सारखा सैल बांधून आल्यामुळे मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर सर्वांना उभे करून ठेवले होते, हे अजून आठवते.

'खडूफळा' सरांच्या मुद्द्याला त्यातून दुजोराच मिळतो असे वाटते. आमच्या तुकडीत कंपू होते, पण ते टेबलाचे नव्हते. ते सेमी-इंग्रजी आणि मराठी माध्यम, इमारतीतले आणि चाळीतले, असे होते. 'रीमिक्स'ने कंपू पैशांवर उभे केले म्हणून ती आम्हाला परकी वाटली नाही.

बतावणी

आंबटचुका, बॉबी ग्लास यांच्याबाबत तुमचे म्हणणे मान्य करतो. त्या विनोदांचा बचाव मला करता येत नाही, आणि पुन्हा पाहताना मीही तिथे चुळबूळ केली आहे. मावशीच्या दंडांबद्दलचा प्रश्नही मला यापूर्वी सुचायला हवा होता.

'फ्रीक्स अँड गीक्स' अधिक चांगली मालिका आहे, याबद्दल वाद नाही. पण ती पाहून मनुष्य कंपूंना सहन करायला शिकतो; 'पॉप्युलर' पाहून त्यांच्यावर हसायला शिकतो. माझी खात्री आहे की लहान गावातून आलेल्या, कुठल्याच टेबलाशी न बसणाऱ्या कितीतरी समलिंगी मुलांना १९९९ साली या दुसऱ्या शिकवणीची अधिक गरज होती. मी त्यांच्यापैकीच एक होतो, फक्त गाव सातारा जिल्ह्यातले होते आणि मालिका माझ्यापर्यंत पोहोचायला आणखी आठ वर्षे लागली.

निशिगंध

सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रश्न विचारताना एवढे काही निघेल असे वाटले नव्हते.

आंबटचुका, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर कार्मेनचा पहिला भाग मी काल रात्री पुन्हा लावला. १९९९ मध्ये तिला नाकारले जाते तेव्हा मी रडले होते, हे मला नीट आठवते. काल लक्षात आले की त्या दृश्यात कॅमेरा तिच्या नाचापेक्षा इतरांच्या तिच्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्यांवर अधिक वेळ रेंगाळतो. तेव्हा मी त्या चेहऱ्यांना घाबरून रडले होते. कार्मेनसाठी रडले असे मला आजवर वाटत होते.

खडूफळा सर, टेबल हीच जात होते हे वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवले. ती काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तू लायब्ररीत जेवत होतीस हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" याचे उत्तर मला देता आले नाही. तिला मी रोज डबा संपवून आणते यातच समाधान होते, आणि डबा मी खरोखरच संपवत असे.

एक गंमत सांगायची राहिली. लेस्ली बिब २०२५ मध्ये 'द व्हाइट लोटस'च्या तिसऱ्या पर्वात होती. बालपणीच्या तीन मैत्रिणी चाळिशीत एकत्र सुट्टीवर जातात आणि कोणतीही दोघी एकत्र आल्या की तिसरीविषयी बोलतात, अशी ती कथा आहे. मी ती पाहत असताना मला सारखे वाटत होते की ही ब्रूकच आहे, फक्त आता तिला आवाज चढवावा लागत नाही.

लेकीला दोन्ही मालिका दाखवायचे ठरवले आहे, आधी 'पॉप्युलर', कारण ती घरात आहे. शनिवारी पहिले दोन भाग पाहून झाले. सॅम तिला "जरा जास्तच शहाणी" वाटली. ग्लास बाईंच्या वेळी ती हसली नाही. मेरी चेरीच्या वेळी मात्र सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली आणि नंतर तिने एकच प्रश्न विचारला, की ही मुलगी शेवटी सुधारते का. मी सांगितले नाही. ब्रूकच्याच कंपूतली निकोल दारू पिऊन गाडी घेऊन ब्रूकच्या अंगावर येते, तिथेच मालिका कायमची तुटते, हेही तिला सांगितलेले नाही. २००१ च्या मे महिन्यात त्या शुक्रवारी मलाही कोणी सांगितले नव्हते, आणि सप्टेंबरमध्ये पुढचा भाग येईल म्हणून मी सगळी उन्हाळ्याची सुट्टी वाट पाहिली होती.